जोडा चावला नाही

मंगळवारी दुकान बंद करून घरी आलो, बूट काढला,
तर मोजा टाचेपाशी ओला.
इस्मेनिया म्हणाली, कुठे पाण्यात पाय घातलास?
पाणी नव्हतं.

बुटात हात घातला. तळातून वर आलेली
अर्ध्या इंचाची चूक, माझ्याच डबीतली,
मीच कधीतरी घाईत ठोकलेली.
सोमवारी सकाळी चढवलेले बूट.
म्हणजे टेकडीच्या एकशे साठ पायऱ्या
दोनदा खाली, दोनदा वर,
कारण तिरकी लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद,
आणि वाल्पराईसोत कुणालाच घाई नसते ती दुरुस्त करायची.
दोन दिवस त्या चुकेवर चाललो
आणि शीळ घालत होतो.

चाळीस वर्षं लोकांचे तळ वाचतोय.
कोण गोदीत ओझी उचलतं, कोण एका खांद्यावर मूल घेतं,
कुणाचा गुडघा गेलाय आणि घरी सांगितलेलं नाही,
सगळं टाचेच्या झिजेत लिहिलेलं असतं.
जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं,
असं म्हणतात.

मला नाही कळलं.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने
कागदावर आकडा लिहून भोवती गोल काढला होता, दोनदा.
घरी येऊन मी सांगितलं, थोडी साखर आहे.
थोडी. शेजारणीकडे वाटीभर मागावी तेवढी.
गोळ्या ठेवल्या चुकांच्या रिकाम्या डबीत.
आठवलं की घ्यायचो. आठवायचं रविवारी.
संध्याकाळी चहा, मराकेता पाव,
वर आटवलेल्या दुधाचा बोटभर थर.
चहातला चौथा चमचा इस्मेनिया न विचारता घालायची.
तिला ते प्रेम वाटायचं. मलाही.

दुखत नव्हतं ना काही!
दुखलं असतं तर ऐकलं असतं मी.

नर्स यानारा, माझ्या धाकटीच्या वयाची.
हातात नायलॉनचा एक धागा, आम्ही शिवायला वापरतो त्याहून बारीक.
डोळे मिटा, माएस्त्रो. लागलं की हो म्हणा.
मिटले.
बंदरात एका जहाजाने भोंगा दिला.
बाहेर कुणीतरी पोराला रागावत होतं.
मी वाट बघत राहिलो. मनात म्हटलं, तयारी करतेय पोरगी.
शेवटी मीच विचारलं, सुरू करायचं का?
झालं, म्हणाली. दोन्ही पाय. दहा-दहा ठिकाणी.

मी मोजे चढवत बसलो.
ते सरळ आहेत की उलटे, हे बघावं लागलं.

बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, ती म्हणाली.
रात्री आरसा धरून तळवे बघायचे.
रोज म्हणजे रोज, रविवारीही.
आणि मग आवाज न वाढवता तिने
पाय कसे जातात ते सांगितलं,
आधी बोट, मग.

दुकानात वरच्या फळीवर फेर्मीनचे तीन बूट आहेत.
तिन्ही उजवे.
पाय कापला त्या वर्षी आणून ठेवले, म्हणाला, विक नाहीतर जाळ.
आता निम्मे पैसे घेईन तुझ्याकडून, असं मी म्हणालो होतो.
तो हसला होता.
कसा हसला ते मी पाहिलं नाही, मी टाके घालत होतो.

आज दुपारी ते खाली काढले. धूळ पुसली. आत हात घातला.
एकात खडा होता, वाटाण्याएवढा,
अस्तरात पार रुतलेला.
किती महिने चालला असेल तो घेऊन.
आणि त्याच बुटाला मी नवा तळ लावून दिला होता,
मांडीवर घेऊन, उलटासुलटा करून, अभिमानाने.

आत्ता इस्मेनियाने चमचा कपावर धरलाय,
पहिलाच, आणि माझ्याकडे बघतेय.
मी कपावर हात ठेवला.
वाफ तळहाताला लागली. चटका बसला.
हात काढ, म्हणाली ती.
थोडा वेळ नाही काढला.

खडा खिशात आहे.
उद्या फेर्मीनकडे जाणार आहे, एवढं नक्की.
तो दाखवावा की नाही, ते ठरत नाही.