पाऊणपट

चौतीस वर्षं मी या शहराला पाणी सोडलं.
पहाटे साडेचारला सेक्टर चारचा व्हॉल्व्ह,
सव्वापाचला सहाचा,
अकरा आटे उजवीकडे, सावकाश,
नाहीतर पाइप खोकतो.
लोकांनी मला कधी पाहिलं नाही,
पाणी उशिरा आलं की आठवण तेवढी काढली.

निवृत्तीनंतर कळलं,
आमच्या इमारतीमागच्या तळ्यालाही एक नळ आहे.

नळ म्हणजे दोन फुटी सिमेंटचा पाइप,
रस्त्याच्या पोटातून खाडीकडे गेलेला.
त्यातून दिवसाला दोनदा भरती आत यायची
आणि मार्गशीर्षात, तिच्या वासावर, रोहित.
यंदा रस्ता रुंद झाला.
पाइपाच्या तोंडावर कुणीतरी राडारोडा ओतला.
कुणी, ते सगळ्यांना ठाऊक,
कागदावर मात्र कुणाचंच नाव नाही.
तळ्याला भेगा पडल्या,
माझ्या टाचांना पडतात तशा.

बाराव्या मजल्यावरच्या शगुफ्ताने दहा अर्ज केले.
अकराव्याला उत्तर आलं:
‘आपल्या स्तरावर साफसफाई करण्यास हरकत नाही.’
हरकत नाही!
सरकारी भाषेत आशीर्वादाच्या
याहून जवळ जाणारा शब्द मला माहीत नाही.

करावे गावातून चांगुणाबाई आली,
दोन मुलगे, तीन फावडी, एक पहार.
मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होतो.
तिने बोटांची पेरं मोजली:
“आज बीज हाय. पावनपट केली का दीड.
दीडाला पानी भरंल.
त्याच्या आधी तोंड मोकलं करा.”
मी वेळापत्रक भिंतीवर टांगून जगलो.
हिचं आजवर कुणी बदललेलं नाही.

साडेसातला पुरी सुकती.
गुडघाभर चिखलात आम्ही सोळा जण,
त्यातल्या नऊ जणांना एकमेकांची
फक्त पार्किंगची भांडणं माहीत.
सिमेंटचे गठ्ठे निघाले, सळया निघाल्या,
अर्धा कमोड, आणि निळ्या फुलांच्या फरशा.
तिसऱ्या मजल्यावरचे कुरूप
एक तुकडा टॉर्चखाली उलटसुलट करत राहिले.
“ही आमची,” म्हणाले.
“कंत्राटदाराला विचारलं नव्हतं, कुठे टाकतोस.”
मग रात्रभर त्यांनी घमेलं खाली ठेवलं नाही.

उशिरा उगवलेला चंद्र.
तिवरांतून कोल्हा ओरडला.
टॉवरच्या वॉचमनने शिट्टीने उत्तर दिलं.
चांगुणाबाई हसली तेव्हा
तिच्या दातांवरही चिखल होता.

बाराच्या सुमारास आलं.
ना आटे, ना चावी.
आधी पाइपात एक घोगरा आवाज,
मला ओळखीचा,
मग काळी, फेसाळ जीभ.
मी सवयीने घड्याळ पाहिलं
आणि नोंद करायला वही नव्हती.
पाण्यासोबत पहिली आत आली ती निवटी,
टाळक्यावर डोळे, पोटावर सरकत.
आमच्याकडे असं पाहिलं तिने
की थकबाकी किती, ते आता सांगणार.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
दमलो होतो. कुरूपांनी थर्मास उघडला.

चौथ्या दिवशी सात रोहित उतरले.
शगुफ्ताने सात लिहिले.
आठवा, म्हणाली, पाण्यातला असू शकेल,
म्हणून धरला नाही.
मागच्या वर्षीच्या पानावर
तिच्याच अक्षरात चार आकडी संख्या आहे.
ते पान तिने मला दाखवलं
आणि काही न बोलता वही मिटली.

साडेचारला अजून जाग येते.
उजवा हात पांघरुणात आटे मोजतो.
आज नवमी. नऊची पाऊणपट, पावणेसात.
भांगाचं पाणी, चढणार थोडंच,
पाइपाच्या ओठापर्यंत पोचेल की नाही,
चांगुणाबाईही नक्की सांगत नाही.
गॅलरीत तिचं फावडं उभं आहे,
पात्यावरचा चिखल वाळून पांढरा झालेला.

अजून दोन तास आहेत.
चहा ठेवतो.