अर्धा खजूर

कंपनीच्या वार्षिक तपासणीत घेतलेलं रक्त
माझ्याविरुद्ध साक्ष देऊन आलं.
सोहारच्या दवाखान्यात सुदानी डॉक्टरने
कागद माझ्याकडे वळवला. नऊ पूर्णांक चार.
'सुक्कर,' तो म्हणाला आणि हसला,
जणू आमच्या घरी यायला निघालेल्या पाहुण्याचं नाव सांगत होता.

बावीस वर्षं मी या बंदरात माल मोजतो.
आलेल्या पेट्या, गेलेल्या पेट्या,
फुटलेल्या, भिजलेल्या, कुणाच्याच नसलेल्या.
हिशेब जुळल्याशिवाय सही करत नाही, अशी ख्याती आहे.
पण दिवसाचे पाच करक,
दर कपात अडीच चमचे, वर डब्यातलं घट्ट दूध,
ही आवक
कुठल्याच वहीत नव्हती.

मेसमध्ये कुंजुमोन भात वाढायला आला
आणि माझ्या ताटापाशी डाव हवेत धरून थांबला.
कुणी सांगितलं त्याला, कळलं नाही.
मग एक डाव घातला. दुसरा परत नेला.
पाठमोरा होताना मल्याळीत काहीतरी पुटपुटला,
शिवी नसावी.

वृंदाला आठ दिवसांनी सांगितलं.
तिचा कुकर उतरेपर्यंत थांबून.
ती आधी गप्प. मग एका दमात
भिजवलेली मेथी, जांभळाच्या बियांची पूड,
आणि कानडेवाडीच्या मास्तरांची सुटलेली गोळी.
शेवटी म्हणाली, 'सहा महिन्यांत नॉर्मल येईल बघा.'
आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं,
'तुझ्या तोंडात साखर पडो.'

लाइन तुटली असं वाटलं.
मग तिचं हसू आलं,
समुद्र ओलांडायला जरा वेळ लागतो त्याला.
हसता हसता ती पदराने नाक पुसत होती.

संध्याकाळी चालायचं, असं ठरलं.
पण इथे रात्री नऊलाही डांबर चपलेला चिकटतं,
म्हणून हायपरमार्केटात जातो.
रिकामी ट्रॉली ढकलत बावीस फेऱ्या,
टायरपासून टूथपेस्टपर्यंत, टूथपेस्टपासून परत.
वाटेत डबे उचलून पाठीमागचं बारीक अक्षर वाचतो.
केचपमध्येसुद्धा साखर! पावात! लोणच्यात!
किती वर्षं ही बया वेगवेगळ्या नावांनी
माझ्याच ताटात राहत होती.
काउंटरवर रोज एक कारलं घेतो,
ट्रॉलीची लाज वाटू नये म्हणून.

मधेच देवरुखहून फणसपोळी आली.
सुट्टीवरून परतलेल्या घाणेकरच्या बॅगेतून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन किलो.
तिने महिनाभर आधी पाठवायला दिलेली,
तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.
सगळी वाटून टाकली. पठाणांना, नेपाळ्यांना,
क्रेनवाल्या तमिळ पोराला.
रात्री उठून रिकाम्या कागदाचा वास घेतला.
फक्त वास.
बरं, एक तुकडा. करंगळीएवढा.
सकाळी बोटाच्या टोकाने चहाडी केलीच.

गेटवरचा म्हातारा खलफान
गेली कित्येक वर्षं मला काहवा देतो,
बिनसाखरेचा, वेलची घातलेला, आणि ताटलीत खजूर.
त्या दिवशी मी छातीवर हात ठेवून नको म्हटलं.
इथे नको म्हणणं सोपं नाही,
समोरच्याच्या घराला नको म्हटल्यासारखं होतं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग दिशदाशाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली.
माझीच गोळी. तोच रंग.
अठरा वर्षं, बोटांनी त्याने सांगितलं.

मग एक खजूर उचलला,
अंगठ्याने मधोमध फाडला,
बी बाजूला ठेवली,
अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात.
आम्ही चावत राहिलो. मी इतका वेळ
बावीस वर्षांत एकही घास चावलेला नाही.
पलीकडे जहाज लागत होतं.
दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

तीन महिन्यांनी सात पूर्णांक नऊ.
नवी वही केली आहे, त्यात लिहिला आकडा.
सही अजून केलेली नाही.