मस्ट

गुरुवारी सात वाजता, ग्रिम्सबीच्या वाचनालयात,
सेनाईतच्या बोटांना अजून कॉडचा वास.
ब्लँकिनबाई फळ्यावर लिहितात :
कॅन, मे, मस्ट, शुड, माइट.
म्हणतात, यांना एकट्यानं संसार जमत नाही.
पाठीशी एखादं राबणारं क्रियापद लागतं,
गो, वेट, लुक,
आणि त्याच्या शेपटीला एवढंसं टू, फॉर, फ्रॉम,
नाहीतर माणूस निघतो खरा, पोचत कुठेच नाही.

सेनाईत भराभर शिकली.
मे आय गो टु द टॉयलेट : पहिल्याच आठवड्यात.
यू मस्ट वेट फॉर द बेल : हे मुकादमानं शिकवलं, फुकट.
यू शुड लुक फॉर अ रूम : घरमालकीण, दारातूनच.
कॅन कुणी तिच्याशी फारसं बोललं नाही.

आज मस्ट वापरून वाक्य करायचं होतं.
तिनं वही पुढे केली :
फिलमोन मस्ट बी ऑन द बोट.

बाईंचा पेन हवेतच राहिला.
"ही आज्ञा, की अंदाज?
त्यानं बोटीवर असायलाच हवं,
की असणारच तो, नक्की?"

बाकावर फोन पालथा,
नऊ दिवस मुका.
खिडकीबाहेर गोदीतल्या दोरांची शीळ.

तिनं मस्ट खोडलं.
माइट लिहिलं, तेही खोडलं.
कागद तिथे पातळ झाला, पलीकडचं पान दिसू लागलं.
ऑन द बोट तेवढं तसंच ठेवलं,
आणि ऑन पुन्हा गिरवलं,
पुन्हा,
शिसाचं टोक मोडेपर्यंत.