सव्विसावं पान

नॉर्डस्ट्रांडची बोट रद्द झाल्याचा भोंगा वाजतो
आणि कुणी न सांगता खोकं टेबलावर येतं.
झाकणाचे चारही कोपरे चिकटपट्टीनं धरलेले.
आत एक समुद्र, चौदा शेतं, मेंढ्या, होड्या,
आणि मातीचे म्हणून तपकिरी लाकडी ठोकळे.
सहा हरवलेत, त्यांच्या जागी कॉफीच्या बिया.

पहिल्या हिवाळ्यात बाजार उघडलाच नाही आम्ही.
नुसते बांध घालायचे, मेंढ्या आत घ्यायच्या.
"मीठ कशाला असतं?" त्यार्क विचारायचा, सात वर्षांचा.
"पुढच्या वर्षी," मेल्फ सांगायचा,
मीठ म्हणजे जणू दाढीमिशा.

लेफ्के तेव्हा चार वर्षांची, कच्चं लिंबू.
तिचं काम वादळाची पानं पिसायचं
आणि मेंढ्यांची नावं ठरवायचं.
नाव मिळालेली मेंढी मग कुणाला विकता यायची नाही.
अशा आठ मेंढ्या आमच्या पटावर अजून म्हाताऱ्या होताहेत.

दुसऱ्या हिवाळ्यात मीठ आलं, लिलाव आला.
एका डावाला तीन रात्री.
पट मोडायचा नाही म्हणून ओट्यापाशी उभ्यानं जेवायचो.
मी दवाखान्यातून येते ती बूट न काढता पटाकडे बघते:
माझ्या शेजारी कुणी होडी लावलीय?
बाहेर खरा समुद्र, सहा तास येणारा, सहा तास जाणारा,
पाळी कुणाची ते न विचारता.

आणि एक नियम, मेल्फच्या घरातून आलेला:
वादळात ज्याचा बांध फुटेल
त्याला बाकीच्यांनी एकेक ठोकळा द्यायचा.
कुरकुर चालेल. पण द्यायचा.

या जानेवारीत लेफ्के वाचायला शिकली.
साबणाचं वेष्टन, औषधाची बाटली, बोटीचं वेळापत्रक,
मग नियमांचं पुस्तक, अठ्ठावीस पानं,
बोट ठेवून, अक्षर अक्षर चावत.
सव्विसाव्या पानावर बोट थांबलं.
"बांध फुटला की शेत गेलं. पुढच्याची पाळी."
तिनं पान उलटलं. परत उलटलं.
"ठोकळा कुठाय?"

त्यार्कनं वही आणली. तीन हिवाळ्यांचे निकाल,
प्रत्येक डावात किती ठोकळे दिले त्याच्यासकट.
"नऊ डाव माझे होते," तो म्हणाला. "नऊ!"
रडीचा डाव म्हणावं, तर बेरीज बरोबर होती.

मेल्फनं वडिलांना फोन लावला, हुसुमला,
जिथं आता त्यांच्या खोलीला नंबर आहे.
"पुस्तकातच आहे," केटेल ओरडले,
"पान सव्वीस, खाली. डोळे तपासून घे.
पाच पोरं तुम्ही, खोकं एक..."
मग गप्प. मग विचारलं,
बांधावरच्या मेंढ्या कुणी हलवल्या का.

"मला तर वाचता येत होतं," मेल्फ म्हणाला.
"मी कधी बघितलंच नाही."

मी बघितलं होतं.
लग्नानंतरच्या पहिल्याच वादळात, सगळे झोपल्यावर.
बोलले नाही.
त्या डावात बांध माझा फुटला होता.

लेफ्केनं पेन्सिल घेतली.
"आजोबा आहे म्हणतात, म्हणजे असणार."
सव्विसाव्या पानाच्या तळाशी, समासात चढत,
दोन अक्षरं उलटी, एक गाळलेलं.
फुंकर मारली, शाई असल्यासारखी.

डाव पुढे सुरू झाला. तिसऱ्या फेरीत वादळ.
लेफ्केचा पश्चिमेचा बांध गेला, नावाच्या तीन मेंढ्यांसकट.
मी दिला. मेल्फनं दिला.
त्यार्क हाताची घडी घालून बसला.
"देईन," शेवटी म्हणाला, "पण सगळ्यात लहान."

ठोकळे सगळे एका मापाचे.
तरी तो ढिगात बोटं घालून शोधत राहिला,
एक उचलायचा, दिव्याकडे धरायचा, परत ठेवायचा,
आणि आम्ही कुणी त्याला घाई केली नाही.