टोपल्यांची यादी

डिसेंबर लागला की एलादिओ साहेब
माझ्या टेबलावर कागद ठेवतात : एकशे बारा टोपल्या.
प्रत्येकीत डुकराची खारवलेली मांडी, वाइनच्या दोन बाटल्या,
बदामाची वडी, आणि छापील कार्ड :
'तुमच्यामुळेच आम्ही.'

विगोच्या खाडीवरच्या या कारखान्यात
बावीस वर्षं मी ही यादी टंकते आहे.
सार्डिनचे डबे मोजावेत तशी नावं मोजते
आणि घरी जाते.

यंदा बोट अडलं.

हनान. सात वर्षं माशांची डोकी उडवते आहे,
सुरी तिच्या हातात दिसतही नाही.
दर वर्षी आपली टोपली न उघडता
बसथांब्यावर मारुशाला देते,
आणि मारुशा दर वर्षी विचारते, 'अगं, तुला नको?'

शुर्शो, वाफेच्या भट्टीवरचा. त्याला ऐकू येत नाही.
गेल्या वर्षी भाषणात त्याचं नाव आलं
तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता;
टाळ्या त्याच्या पाठीमागून येऊन विरून गेल्या.

आणि एक बाई, जी यादीतच नाही.
ठेकेदाराची माणसं आपली नसतात, असं ऑफिसात म्हणतात.
रोज सकाळी मी येते तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली असते.
त्या ओलीला कुणाचं नाव असेल
हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

एकदा पहाटे पाचलाच गेले.
न्देय सेक. माझ्या वहीत तिनं स्वतःच लिहिलं,
सावकाश, पेन घट्ट धरून.
'टोपलीत काय हवं तुला?'
ती बादलीकडे बघत राहिली. मग म्हणाली,
'ते भाषण किती वाजता असतं?'
'दुपारी बाराला.'
'तेव्हा मी झोपलेली असते.'

साहेब म्हणाले, 'सगळ्यांना सारखंच तर देतो,
यात दुजाभाव कुठला?'
मला धड उत्तर देता आलं नाही.
जिन्यात आल्यावर सुचलं :
सगळ्यांच्या पानात एकच पदार्थ वाढूनही
पंक्तीप्रपंच होतो.
परत वर गेले आणि ते सांगितलं.

उशिया म्हणाली, 'टोपल्या पुरेत, पगाराचं बोला.'
तिचंही खरं आहे.
तेही टंकलं, वेगळ्या कागदावर.
त्या कागदाचं अजून काही कळलेलं नाही.

यंदा भाषण पहाटे सहाला झालं, पाळी बदलताना.
साहेब जांभई दाबत 'एनदेये' म्हणाले;
ती जागेवरूनच म्हणाली, 'न्देय.'
त्यांनी चश्मा सारखा केला, पुन्हा वाचलं.
शुर्शोच्या नावाला कुणीतरी दोन्ही हात वर करून हलवले,
मग आम्ही सगळ्यांनीच, माशांच्या वासाचे हात,
काही हातमोज्यांसकट.
तो लाजून भट्टीकडे निघून गेला.

हनानच्या टोपलीत मांडीऐवजी खजूर होता, तेलाचा डबा होता.
बसथांब्यावर मारुशा सवयीनं थांबली होती.
'म्हणजे यंदा माझी एकच मांडी!' ती हसत कुरकुरली.
हनाननं तिच्या ओंजळीत खजूर ओतला.

दुसऱ्या दिवशी आले
तेव्हा फरशी ओलीच होती.
मी भिंतीच्या कडेकडेनं चालत गेले.