छाट

मांडी घालून बसले त्रेचाळीस वर्षं.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री.
हजार झाल्याशिवाय उठायचं नाही
हा आधी सासूचा नियम, मग माझा,
मग गुडघ्यांनी तो इतका मनावर घेतला
की आता ऊठ म्हटलं तरी उठेनात.

डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.
म्हणाला, झीज आहे. वजन कमी करा.
झिजलं म्हणजे कमीच झालं ना काहीतरी?
मग आणखी काय कमी करू, मी विचारलं.
तो हसला नाही.
बाहेर बाकावर माझ्यासारख्याच अकरा जणी होत्या.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी,
ऊन तापायच्या आत,
विडी घरकुलातल्या समाजमंदिरात
शिफा बागवान प्लास्टिकच्या खुर्च्या मांडते.
पोरगी किडकिडीत, गळ्यात शिट्टी, वाजवत कधीच नाही.
"नरसव्वा अम्मा, खुर्चीतच बसा. पाठ टेका.
एक पाय वर. पाच मोजा. खाली."
बसून बसून गेलं
ते बसूनच परत मिळतंय म्हणे.
असला सौदा अख्ख्या सोलापुरात ऐकला नव्हता.

मोजते मी माझ्या हिशोबानं,
ओकटी, रेंडू, मूडू,
पंचवीस झाले की एक कट्टा.
पहिल्या दिवशी अर्धा कट्टासुद्धा भरला नाही,
मांड्या थरथरल्या
यंत्रमागाला लागून असलेल्या भिंतीसारख्या.

घरी नातू पहारेकरी.
भाकरी दीड. शेंगाचटणी एक चमचा, वरून तेल नाही.
तेलाशिवाय शेंगाचटणी म्हणजे
लग्नाला जाऊन दारातूनच परत येणं.
चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं
तेव्हा म्हटलं, आज घागरी आहेत, आज व्यायाम माफ.
शिफा म्हणाली, घागर नाही, अर्धी बादली,
आणि व्यायाम आहेच.

तिसऱ्या आठवड्यात सिद्रामप्पा आला.
डावा हात लोंबता, पाय फरफटत,
सून बाहेर रिक्षात बसून राहिली.
हाच तो चेकर.
शाखेच्या खिडकीत बसून मूठभर विड्या उचलायचा,
ही बारीक, ही वाकडी,
आणि कट्ट्यामागून कट्टा छाट.
छाटलेल्याचा पैसा नाही,
पान कमी पडलं तर तेही आम्हीच भरायचं.
लेकीच्या बाळंतपणाच्या आठवड्यात
त्यानं माझ्या दोनशे फेकल्या होत्या.
विसरायला मी काही मोठी साध्वी नाही.

शिफाला यातलं काय माहीत?
"अम्मा, यांचे तुम्ही मोजा."

त्यानं हात उचलला.
खांद्यापर्यंत यायचा तो छातीपाशीच अडला.
माझ्याकडे बघत होता,
जसं आम्ही खिडकीबाहेरून त्याच्याकडे बघायचो.
ओकटी, मी म्हणाले.
दुसरा थोडा कमी. रेंडू.
तिसऱ्याला नुसती बोटं हलली.
सगळा हॉल आपापले पाय मोजत होता,
कुणाचं लक्ष नव्हतं.

"हा छाट," मी म्हणाले.

आधी त्याचा चेहरा तसाच राहिला.
मग अर्ध्या तोंडानं हसला,
दुसऱ्या अर्ध्याला यायला वेळ लागतो अजून.
पुन्हा उचलला. छातीपर्यंत आला.
मूडू.
पानाचे पैसे कापले नाहीत मी.

तीन महिन्यांत माझे साडेतीन किलो उतरले,
रेशनवाल्याच्या काट्यावर, गव्हाचं पोतं उतरवून.
कुणाला दिसत नाहीत, मला जिना चढताना दिसतात.
आणि काल
खुर्चीला हात न लावता उठले.
एकदाच.
दुसऱ्यांदा धरावा लागला.
शिफानं वहीत एकच लिहिलं.
मी वाकून पाहिलं.
बरोबर आहे.