तिसरी ते सहावी

वाद जुनाच आहे.
पास्कोलची बेकरी आणि माझं दुकान
यांच्यामध्ये एक गटार आणि छत्तीस वर्षं.
तो म्हणतो, त्याच्या तियात्रवाल्या मिंगेलच्या
पहिल्या पाचही कॅसेटी सोन्याच्या.
मी म्हणतो, पहिली कुणाचीच धरू नये,
पहिलीत माणूस माइकला घाबरून गातो.
धरायची ती बाबल कोचरेकरबुवांची
तिसरी ते सहावी.
चार. ओळीनं. एकही फुसका बार नाही.

तिसरी आचऱ्याच्या शाळेत भरली, रात्री दोननंतर.
जनरेटर पार माडांत नेऊन ठेवला
तरी गुरगुर आहेच,
आणि गजर चढत असताना एक टिटवी ओरडते,
बरोबर समेवर.
तेवढ्यासाठी कुडाळहून गिऱ्हाइकं यायची.
चौथीच्या कव्हरावर बुवांच्या अंगात
पोस्टमास्तरांचा कोट, बाह्या बोटांपर्यंत.
आवाज मात्र मापात शिवलेला.
पाचवी भोगव्याला. भरताना वीज उतरली,
म्हणून वाजताना बुवा अर्धी पट्टी वर चढतात.
लोक म्हणाले, काय गळा!
आम्ही गप्प बसलो.
सहावीपर्यंत घसा गेला होता, बुवांनी तो लपवला नाही.
करवंटीच्या तळाला खवणी लागावी
तसे खालचे सूर.

सातवी मुंबईत झाली, काचेच्या खोलीत,
ओळीओळीला घाटात हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी.
दोनशे मागवल्या, एकशेनव्वद परत धाडल्या,
उरलेल्या दहांवर शाळेची नाटकं भरली.

आता दुकानात मोबाईलची कव्हरं.
कॅसेटी मागच्या फळीवर, डांबरगोळ्या घालून.

परवा पास्कोल उंडे घेऊन आला, टेप चालू होता.
म्हणाला, ‘तू खोटा बोलतंस.
चारांत एकव गाणा पडाक नाय म्हणतंस,
मगे पाचवीची बी साईड इली
की तुझा बोट त्या बटनार कित्याक जाता?’

गेलंच होतं.
दुसऱ्या गवळणीला. नेहमी जातं.
मी म्हटलं, टेप घासलीय तिथं.
तो हसला नाही. उंड्यांचे पैसे न घेता गेला.

त्या रात्री भिवा मेस्त्री देवबागेला अडकला,
ओहोटी लागली, तर लागेना.
पखवाज भिंतीला टेकून. मी एकोणीस वर्षांचा,
काकांच्या दुकानातून कोऱ्या कॅसेटींचं खोकं घेऊन गेलेला,
हात थोडा बसलेला, भजनीमंडळापुरता.
बुवांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.
एका गवळणीपुरता वाजवला,
मग भिवा आला, ओल्या धोतरानं.
कव्हरावर नाव त्याचंच.
तसंच छापा, असं मीच सांगितलं होतं.

काल शटर अर्धं ओढून
बटनाला हात न लावता ऐकली.
किती घाई! खाडीवरून शाळेला पळणाऱ्या पोरासारखा
पखवाज पुढे पुढे.
तिसऱ्या अंतऱ्याला एक मात्रा सरळ गिळलीय.
आणि तिथं बुवा
‘गे’ हा एवढासा शब्द
लांबवतात, धरून ठेवतात,
मुरकी घेतात, पुन्हा धरतात,
माझा हात येईपर्यंत.
मग उतरतात समेवर
जणू असंच ठरलं होतं.

तबकडीसारखे गोल गोल फिरून
लोक मला सांगायचे, बुवांची ती ‘गे’ ऐक.
मी म्हणायचो, हो, ऐकलीय.

सकाळी गटारापलीकडून प्रश्न आला,
‘मगे? तिसरी ते सहावी?’
‘तिसरी ते सहावी,’ मी म्हटलं
आणि बोटांवर मोजून दाखवली.
पाचवीवर अंगठा जरा थांबला.

पास्कोल भट्टीतलं फळकूट ओढत म्हणाला,
‘बरा. आता मिंगेलची दुसरी घेवया.’